हमीभावातून उत्पादनखर्च कसा काढावा ?

केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये जाहीर केला. उत्पादनखर्चावर शेकडा 50 वाढ धरून हा भाव ठरविलेला आहे. मग मूळ खर्च किती धरला होता? आपला खर्च त्याच्याशी ताडून पाहावयाचा, तर प्रथम तो काढता आला पाहिजे.

येथे पुष्कळांची चूक होते. ते 7,710 मधून निम्मे वजा करतात आणि उरलेल्या 3,855 रुपयांना खर्च समजतात. ताळा करून पाहा. 3,855 मध्ये त्याचे निम्मे मिळविल्यास बेरीज 5,782 रुपये 50 पैसे होते. 7,710 होत नाही. कारण वाढ खर्चावर धरलेली असते, भावावर नव्हे.

योग्य रीत त्रैराशिकाची आहे. खर्च 100 असता भाव 150. तर भाव 7,710 असता खर्च किती?

7,710 × 100 ÷ 150 = 5,140 रुपये.

ताळा : 5,140 + 2,570 = 7,710.

वाढ शेकडा 50 नसून दुसरी असेल, तर 100 मध्ये तो आकडा मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे.

आता स्वतःचा हिशेब मांडावा. समजा, मूर्तिजापूर तालुक्यातील एका कास्तकारास कपाशीचा एकरी खर्च 28,000 रुपये आला. उतारा 5 क्विंटल पडल्यास क्विंटलचा खर्च 5,600 रुपये होतो, आणि हमीभावाने नफा शेकडा सुमारे 38 राहतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात कपाशी बहुधा पावसावरच अवलंबून असते. पावसाने ताण देऊन उतारा 4 क्विंटलवर आला, तर खर्च 7,000 रुपयांवर जातो व नफा शेकडा 10 च उरतो.

तुलना करताना एक दक्षता घ्यावी. सरकारी खर्चात बियाणे, खते व मजुरी यांबरोबर घरच्या माणसांच्या श्रमाचे मोलही धरलेले असते. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरलेले नसते. आपणही तसेच धरावे.

अभ्यासासाठी : त्याच हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये असून वाढ शेकडा 50 आहे. मूळ खर्च काढा. (उत्तर : 3,552 रुपये.)