दगडाची धूळ आणि फुफ्फुसातील पहारेकरी

अड्याळ परिसरातील खोकल्याच्या रुग्णाला मी आधी विचारतो, "काम कोणते करता?" गिट्टी फोडणे, बोअर मारणे, फरशी कापणे या कामांत गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, बारीक धूळ उडते. आपल्या जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खडकांतही गारगोटी असते.

धुळीचे मोठे कण नाका-घशात अडकतात. ५ मायक्रॉनहून लहान, डोळ्यांना न दिसणारे कण मात्र फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तेथे भक्षक पेशींचा पहारा असतो. जंतू आला की त्या त्याला गिळून पचवतात. सिलिकाचा कणही त्या गिळतात. पण दगड कसा पचणार? कणामुळे पेशीच्या आतील पाचक रसाची पिशवी फुटते, पेशी मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग त्याला दुसरी पेशी गिळते. असे वर्षानुवर्षे चालले की सूज राहते, व्रण साचतात आणि फुफ्फुस कडक होते. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

पहारेकरीच दुबळे झाले की क्षयाच्या जंतूंचे फावते. म्हणून २ आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी व डॉक्टरांना आपले काम अवश्य सांगावे.

कडक झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. तेव्हा धूळ उडूच देऊ नये. दगड-फरशी पाणी सोडून कापावी, झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. तोंडाला बांधलेला दुपट्टा हे बारीक कण अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. आणि बिडी सोडावी.