सेवेतून आलेले प्रमुखपण
(डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रावरून पाठ)



मंडळीत, शाळेत, पंचायतीत अथवा दवाखान्यात प्रमुखपण कोणास द्यावे, हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतून वरचेवर निघतो. कोणी म्हणतो, जो अधिक शिकला त्यास द्यावे. कोणी म्हणतो, ज्याच्या घराण्याचे नाव मोठे त्यास द्यावे. आणि जो मागतो त्यास देऊन मोकळे व्हावे, असे म्हणणारेही थोडे नाहीत. या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. एखाद्या मनुष्याचे चरित्र पायरीपायरीने पाहिले म्हणजे ते अधिक स्पष्ट होते. यास्तव या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र घेतले आहे. ते आपल्या मंडळीपैकी नव्हते. तथापि सेवा व अधिकार यांचा संबंध काय, हे त्यांच्या आयुष्यातून चांगले शिकता येते.

१. हाक आली तेव्हा

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. १९३८ साली ते नुकतेच पदवीधर होऊन पुढील परीक्षेच्या तयारीत होते. अशा तरुणापुढे मुंबईस दवाखाना थाटण्याची व घरच्यांस सुख देण्याची वाट उघडी असते.

त्याच सुमारास चीन देशावर मोठे संकट आले होते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जखमी लाखोंनी होते, पण शिकलेले डॉक्टर मोजकेच होते. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशास आवाहन केले. सुमारे २२,००० रुपये जमले, रुग्णवाहिकेची तजवीज झाली, आणि पाच डॉक्टर निवडले गेले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे त्यांचे सहकारी. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने हे पथक मुंबईहून निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पथकाचे प्रमुखपण अटल यांजकडे होते. ते वयाने व अनुभवाने मोठे असून स्पेन देशातील युद्धातही त्यांनी जखमींची सेवा केली होती. कोटणीस हे २७ वर्षांचे तरुण सहकारी होते. त्यांच्या हाती पद नव्हते, आणि पद मिळेल म्हणून ते निघालेही नव्हते.

२. परक्या देशी शिष्य होणे

चीनमध्ये पोचल्यावर हँको, चुंगकिंग अशा ठिकाणी काम करीत हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये वायव्येकडील येनान येथे गेले. तो मुलुख डोंगराळ व दरिद्री. लोक डोंगरात कोरलेल्या गुहांतून राहत. हवा सोलापूरच्या अगदी उलट, हिवाळा हाडे गोठविणारा.

जो दुसऱ्यांच्या देशी सेवेस जातो, त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. ‘आपण देणारे व हे लोक घेणारे’ असे मानून दुभाष्याच्या तोंडून हुकूम सोडीत राहणे, हा एक. त्या लोकांचा शिष्य होणे, हा दुसरा. कोटणीस यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी चिनी भाषा शिकण्यास नेट लावला, आणि ती बोलण्यापुरतीच नव्हे, तर तीत विद्यार्थ्यांस शस्त्रक्रियेचे पाठ देण्याइतकी शिकले. सैनिक व शेतकरी जे खात ते तेही खात. चिनी लोकांनी पथकातील प्रत्येक डॉक्टरास चिनी नाव दिले होते. त्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द असे. कोटणीस यांचे नाव ‘के दिहुआ’ असे पडले, आणि त्याच नावाने ते देशभर ओळखले जाऊ लागले.

भाषा शिकण्याचे महत्त्व आपल्या उपदेशकांस वेगळे सांगावयास नको. रोग्याचे दुखणे पोटात नेमके कोठे व कसे आहे, हे तो आपल्याच बोलीत सांगू शकतो. ज्यास ती बोली येत नाही, त्याचे ज्ञान कितीही मोठे असो, ते रोग्याच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

३. मागे राहिलेला मनुष्य

हे पथक थोड्या मुदतीसाठी गेले होते. पुढील दोन वर्षांत चोळकर, मुकर्जी व अटल हे प्रकृती इत्यादी कारणांनी एकेक करून स्वदेशी परतले. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपला वाटा उचलला होता. बसू व कोटणीस मागे राहिले. चीनमध्ये असतानाच कोटणीस यांस वडील वारल्याची वार्ता कळली. परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते? तथापि ते राहिले.

हा प्रसंग कठीण आहे, आणि तो सोपा करून सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही. घरी शोकात असलेल्या मातेचे पुत्रावर ऋण असते. परक्या मुलुखात जखमी पडलेल्या मनुष्याचेही डॉक्टरावर ऋण असते. एक फेडू गेले म्हणजे दुसरे राहते. कोटणीस यांनी एक निवडले, आणि न फिटलेल्या दुसऱ्या ऋणाचे दुःख सोसले. सेवकाच्या निवडीची किंमत पुष्कळदा त्याच्या घरच्यांस भरावी लागते, हे मंडळीने विसरू नये.

४. अधिकार कसा आला

उत्तरेकडील डोंगरांत, शत्रूच्या फळीमागे, कॅनडा देशाचे शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथून काम करीत असत. ते प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र होते. शस्त्रक्रियेची सामग्री खेचरांवर लादून ते लढाईच्या जागी जात. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळून विष रक्तात भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. पुढे कोटणीस त्याच मुलुखात गेले.

१९४० सालच्या एका दीर्घ लढाईत त्यांनी ७२ तासपर्यंत झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे नमूद आहे. बेथून यांच्या नावे असलेल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवीतही असत. जानेवारी १९४१ मध्ये त्यांस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. त्या समयी त्यांचे वय ३० वर्षांचे होते.

वाचकहो, क्रम नीट पाहा. आधी हाकेस ओ देणे, मग भाषा शिकणे, मग अडचणीत टिकून राहणे, मग आपले ज्ञान दुसऱ्यांस देणे, आणि या सर्वांनंतर पद. ज्या दिवशी त्यांस संचालक म्हटले गेले, त्याच्या पुष्कळ आधीपासून लोक संकटात त्यांजकडे पाहू लागले होते. पदाने ते पुढारी झाले नाहीत. ते पुढारी झालेलेच होते, पदाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

आणखी एक गोष्ट. संचालक झाल्यावरही त्यांनी शिकविणे सोडले नाही. ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहीत होते. ज्या पुढाऱ्यास ‘मी गेल्यावर काम कोण करील?’ ही काळजी असते, तो शिष्य तयार करतो. ज्यास ‘मी गेल्यावर माझे नाव कोण घेईल?’ एवढीच काळजी असते, तो कोणासच काही शिकवीत नाही.

५. शेवट

१९४१ सालच्या अखेरीस कोटणीस यांनी त्याच रुग्णालयातील परिचर्येच्या शिक्षिका कुओ चिंगलान यांजशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे ‘भारत-चीन’, असे ठेवले. त्याच वर्षी ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. त्यांचे राजकीय मत कोणास पटो वा न पटो, त्यांच्या सेवेचे मोल त्यावर अवलंबून नाही.

त्यांस फेफऱ्याचा विकार जडला होता. तो मुलुख वेढ्यात सापडलेला, औषधांचा तुटवडा, आणि कामास विसावा नाही. एकामागून एक झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते मरण पावले. पुत्र तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

आपल्या गावांतून आजही कोणास फेफरे आले की लोक कांदा किंवा जोडा हुंगवितात, आणि हा भुताखेताचा खेळ म्हणून देवऋष्याकडे धाव घेतात. फेफरे हा मेंदूचा विकार आहे, शाप नव्हे. तो शिकल्यासवरलेल्या डॉक्टरासही झाला. झटका आल्यास रोग्याच्या आसपासच्या टोचणाऱ्या वस्तू दूर कराव्या, त्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. आज या विकारावर चांगली औषधे मिळतात. ती डॉक्टराच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत.

कोटणीस यांचे नाव पुसले गेले नाही. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या चरित्रावर बोलपट काढून त्यांची भूमिका स्वतः केली. उत्तर चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे, आणि सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे.

६. आपणांस बोध

आपल्या मंडळ्यांतील मुले-मुली आज परिचर्येचे अथवा वैद्यकीचे शिक्षण घेऊन दूर शहरी व परदेशी जातात. ती जातात याचे वाईट वाटू नये. परंतु जाताना त्यांस एवढे सांगावे : जेथे जाल तेथील भाषा शिका, जे येते ते शिकवा, आणि प्रमुखपण मागू नका, आले तर नाकारूही नका. मंडळीनेही आपले काम ओळखावे. जो पुष्कळ दिवस न बोलता ओझे वाहत आहे, त्यास शोधून काढावे. आणि तो थकून पडण्याआधी त्यास विसावा द्यावा. ७२ तास जागणाऱ्या सेवकाची आपण स्तुती करतो, पण त्याच्या जागी दुसरा उभा करणे हे स्तुतीहून अधिक गरजेचे आहे.

विचारासाठी प्रश्न

१) चीनला निघते वेळी कोटणीस यांच्यापुढे दुसरी कोणती वाट उघडी होती?
२) संचालकपद मिळण्याआधी त्यांनी कोणकोणती कामे केली? ती क्रमाने सांगा.
३) वडिलांच्या मृत्यूनंतरही परत न जाण्याचा त्यांचा निर्णय तुम्हांस कसा वाटतो? दोन्ही बाजू मांडा.
४) आपल्या गावात पदावाचून सेवा करणारे कोण आहेत? त्यांचा भार हलका करण्यास मंडळीने या महिन्यात काय करावे?