सोमवार ते शनिवार : संत जोसेफ वाझ यांचे परदेशातील दिवस



ऑक्टोबर महिना आपण जपमाळेचा आणि मिशनकार्याचा महिना म्हणून पाळतो. या महिन्यातील शेवटून दुसरा रविवार हा मिशन रविवार. पोप अकरावे पायस यांनी तो १९२६ साली ठरवून दिला. त्या दिवशी प्रवचनात आम्ही धर्मगुरू मोठमोठ्या मिशनऱ्यांची नावे घेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मिशनरी म्हणजे दूरदेशी जाऊन गर्दीपुढे बोलणारा माणूस. आपल्या शेजारच्या गोव्यातून परदेशी गेलेल्या एका मिशनऱ्याचे दिवस कसे जात होते ते पाहू या.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे झाला. घरची भाषा कोकणी. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळी श्रीलंकेचा किनारा डच लोकांच्या ताब्यात होता. त्यांनी पोर्तुगीजांकडून १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना घेतले व कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. धर्मगुरूला घरात आसरा देणेसुद्धा गुन्हा ठरला. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या भाविकांना ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन.

१६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेषात, अनवाणी, जॉन नावाच्या सोबत्याबरोबर जाफन्यात पोहोचले. पोहोचताच हगवणीने आजारी पडले. जरा बरे वाटताच त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. जपमाळ पाहून कुणाची नजर थांबते का, एवढेच ते पाहत. बोलायची सोय नव्हती. चुकीच्या माणसापुढे एक शब्द गेला असता तर सगळेच संपले असते. अशा रीतीने एकेक कॅथलिक घर सापडत गेले. मग रात्री कुणाच्या तरी घरी गुपचूप मिस्सा होऊ लागली. मिस्सा तासाभराची, बाकीचा दिवस मात्र चालणे, भीक मागणे आणि तमिळ शिकणे यात जाई.

१६९२ साली ते डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेले. तिथला राजा बौद्ध. हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चुगली कुणीतरी केली आणि फादर कैदेत पडले. त्यांच्या चरित्रातली पावसाच्या चमत्काराची गोष्ट बहुतेक जण सांगतात. दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला. आपण मराठवाड्याची माणसे, पावसाची गोष्ट आपल्याला आवडणारच! पण मला त्यांची कैद अधिक मोलाची वाटते. तिथे त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. सुटका कधी होईल, होईल की नाही, हे ठाऊक नसताना एखादा माणूस पहारेकऱ्यांची भाषा शिकतो, याचा अर्थ काय? आपण इथे वाट पाहत बसलेलो नाही, इथेच राहायला आलो आहोत, असे त्याने मनाशी ठरवलेले असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांचे काळाविषयीचे चिंतन आम्हाला अभ्यासाला होते. ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात ते आले आहे. गेलेला काळ आता नाही, येणारा अजून आलेला नाही, तेव्हा माणसाच्या हाती चालू क्षणावर ठेवलेले मनाचे लक्ष तेवढे असते, असा त्याचा साधारण आशय. परीक्षेपुरते ते आम्ही पाठ केले होते. कैदेत बसून सिंहली शब्द गिरवणारे फादर वाझ डोळ्यांपुढे आणले की ते खरे समजते.

संत पौलानेही वेळेचा विषय कैदेतूनच लिहिला आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, मंडळीबाहेरच्या लोकांशी कसे वागावे हे सांगतानाच तो वेळेविषयी बोलतो. तिथे त्याने वापरलेले मूळ ग्रीक क्रियापद बाजारातले आहे. किंमत मोजून घेणे, सोडवून घेणे, असा त्याचा अर्थ. आता आपल्या वसमतच्या हळद बाजारात बोली लावणारा मनात नफा धरूनच बोली लावतो. पौलाच्या मनात तसा नफा नाही. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवले, तिथेही तेच क्रियापद आहे. म्हणजे वेळ घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून काही तरी द्यायचे आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम ताणून सांगतो आहे. कारण साक्ष देण्यासाठी वेळ काढा असे म्हटले की काहींना वाटते, शेजाऱ्याशी गोड बोलावे, आजारपणात डबा न्यावा आणि मग हळूच धर्माचा विषय काढावा. हे मला पटत नाही. असा डबा म्हणजे गळाला लावलेले आमिष झाले, आणि समोरच्याला ते कळतेच.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. भीतीने घरच्यांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी त्यांना शोधले, झोपड्या बांधून त्यांत ठेवले, जखमा धुतल्या, भरवले, मेलेल्यांना पुरले. रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे विचारले नाही. पुढे राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने फिरू दिले. पण फोड धुताना ती परवानगी मिळेल हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मिळाली नसती तरी त्यांनी हात आखडता घेतला नसता.

ते गोव्याला परत आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

आपल्या धर्मग्रामातून आता दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे जातील. कुणाची मुले पुण्याच्या कंपनीत आहेत, कुणाची मुलगी आखाती देशात नर्स आहे. तिथे मिस्सा बहुतेक शुक्रवारी, आणि ड्युटी लागली तर तीही नाही. ऊसाच्या फडावर तर जवळपास चर्चच नसते. मिस्सा चुकली की सगळा आठवडा देवाविना गेला असे या मंडळींना वाटते. मिस्साबलीची तहान असायलाच हवी. ती मी कमी लेखत नाही. तरीही रात्रपाळीत घाबरलेल्या रोग्याजवळ पाच मिनिटे अधिक उभी राहिलेली मुलगी, किंवा कोयत्यावरच्या जोडीदाराला ताप आला म्हणून त्याची मोळी बांधणारा माणूस, यांचा तो आठवडा देवाविना कसा गेला म्हणायचा? तिने काही बोलायची गरज नाही. पुष्कळ ठिकाणी बोलण्याची मोकळीकही नसते. कुणी आपणहून विचारले, तर मात्र लाजू नये. दोन वाक्यांत खरे ते सांगावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी कारखान्याचे व तालुक्याचे नाव माझ्याकडे द्यावे. त्या भागातले सर्वांत जवळचे चर्च कोणते ते मी शोधून कळवीन. संत जोसेफ वाझ यांच्या सणादिवशी, १६ जानेवारीला, संध्याकाळची मिस्सा बाहेरगावी व परदेशी असलेल्या आपल्या सर्वांसाठी अर्पण होईल. त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून सॅक्रिस्टीत द्यावीत. वेदीवर एकेक नाव वाचले जाईल.