पुढाकार म्हणजे पुढे-पुढे करणे नव्हे



मिस्सा संपल्यावर अंगणात उभा असलो की एक वाक्य हमखास कानी पडते : "फादर, याबाबत कोणीतरी काहीतरी करायला हवे." वाक्य खरेच असते. पण त्यातला तो ‘कोणीतरी’ मला अजून भेटलेला नाही.

आपण मागे राहतो ते नेहमी आळसाने नव्हे. पुढे झालो तर लोक म्हणतील, ‘हा फार पुढे-पुढे करतो’, ही धास्ती असते. म्हणून आधी फरक समजून घेऊ. पुढे-पुढे करणाऱ्याची नजर लोकांवर असते. पुढाकार घेणाऱ्याची नजर गरजेवर असते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या लक्षात आले. ती येशूशी बोलली, नोकरांना त्याचे ऐकायला सांगितले आणि मागे सरली. त्या प्रसंगात ती पुन्हा बोलत नाही (योहान २:१-११).

याचे एक उदाहरण आपल्या वर्ध्याजवळच आहे. त्या काळी आपल्या भागातील खेड्यांत अनेक कुष्ठरोगी होते. घरच्यांनी टाकलेले, गावाने दूर ठेवलेले. ते सर्वांनाच दिसत होते. विनोबा भावे यांचे आश्रमातील सहकारी मनोहर दिवाण यांनाही दिसले. दिवाण डॉक्टर नव्हते. देशात कुष्ठसेवा तेव्हा मुख्यतः ख्रिस्ती मिशनरी करीत. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलावर भिस्त असे. डॅप्सोन हे गुणकारी औषध १९४० च्या दशकात वापरात आले आणि आजची बहुविध औषधोपचार पद्धती १९८० च्या दशकात. दिवाण यांनी मात्र १९३६ मध्येच दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. ‘औषध निघाले की बघू’ असे ते म्हणाले नाहीत. बरे करणे हाती नव्हते, पण जखम धुणे हाती होते.

विनोबांनी सांगितलेली एक आठवण आहे. दिवाण यांच्या आईला हे काम पसंत नव्हते. विनोबांनी तिला विचारले, हा रोग तुम्हालाच झाला असता, तर मुलाने तुमची सेवा करू नये असे तुम्ही म्हणाला असता का? माउलीने क्षणभर विचार केला आणि मुलाला आशीर्वाद दिला. त्या एका प्रश्नाने ‘कोणाचा तरी रोगी’ हा ‘आपला माणूस’ झाला. पुढाकाराचे मूळ इथे आहे. आपल्या माणसासाठी धावताना परवानगीची किंवा नेमणुकीची वाट कोणी पाहत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी यामागचे तत्त्व सांगितले आहे. माणूस देवाची प्रतिमा का? कारण तो आपल्या कृतीचा स्वतः उगम असतो. दगड ढकलल्यावर हलतो. माणूस ठरवून उठतो. पण म्हणून गर्व करायला जागा नाही. संत योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:१९) स्पष्ट करतो की प्रीतीची सुरुवात देवाने केली. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाने येशूला हाक मारली नव्हती; येशूनेच आधी विचारपूस केली (योहान ५:१-९). म्हणजे आपला प्रत्येक पुढाकार हा देवाच्या पुढाकाराला दिलेले उत्तर असतो.

हे लिहिताना माझी चूक कबूल केली पाहिजे. पुढच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी सलग तीन रविवार दिसल्या नाहीत. मला ते जाणवले होते. शेजारचे कोणी जाऊन आले असेल, असे मी धरून चाललो. शेजाऱ्यांना वाटले, फादर जाऊन आले असतील. चौथ्या आठवड्यात गेलो, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, दाराकडेच पाहत होती मी." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सिंदी मेघे वाढते आहे; शेजारच्या घरात कोण राहायला आले हे पुष्कळदा आपल्याला माहीत नसते. सावंगीच्या रुग्णालयात दूरदूरच्या गावांहून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक परक्या गावी दिवस काढतात. काही करण्यासाठी आधी समिती नेमायची गरज नाही. एक डबा, एक फेरी, एक चौकशी पुरे. मोठ्या कामाला सोबती लागतात. पण सोबतीसुद्धा कोणीतरी चालू लागल्यावरच मिळतात.

घरी चिंतनासाठी :

१. ‘कोणीतरी करेल’ म्हणून मी सोडून दिलेले एक काम कोणते?

२. कोणते घर माझी वाट पाहत असेल?

३. अबोला धरलेल्या नातेवाइकाशी आधी बोलायचे कोणी?

प्रार्थना : हे प्रभो, आम्ही हाक मारण्याआधीच तू आमच्याकडे आलास. पहिले पाऊल टाकण्याचे धैर्य आम्हाला दे आणि काम झाल्यावर मागे सरण्याची नम्रताही दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू