कार्बनचे कवच

मुलांनो, आज अनेक मोबाइल फोनच्या पडद्यामागे वेगळा दिवा नसतो. पडद्यावरचा प्रत्येक रंगीत ठिपका स्वतःच उजळतो. या ठिपक्यांना ‘ओएलईडी’ म्हणतात. सेंद्रिय म्हणजे कार्बनयुक्त पदार्थांच्या अतिशय पातळ थरांतून वीज वाहू लागली, की ते प्रकाश देतात.

१९८७ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या शास्त्रज्ञांनी असा दिवा जगापुढे मांडला. तो १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळत असे. पण या दिव्याचे दोन शत्रू होते : ओलावा आणि ऑक्सिजन. दिव्यावरील धातूच्या थरात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ आत शिरते. मग तेवढ्या जागी प्रकाश पडत नाही. तेथे काळा डाग दिसतो आणि तो हळूहळू वाढत जातो.

काचेचे झाकण लावले तर दिवा वाचतो. पण जाड काच वाकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कार्बनच्या पातळ थराचा उपयोग करून पाहिला. मिथेनसारख्या वायूतून विजेच्या साहाय्याने हा थर बसवता येतो. त्यासाठी फार उष्णता लागत नाही. त्यामुळे नाजूक दिव्याला इजा होत नाही. या थरातील बरेच अणू हिऱ्यातील अणूंप्रमाणे घट्ट जोडलेले असतात. मात्र थर जाड झाला, तर त्याला तडे जातात. म्हणून त्याच्या जोडीला दुसऱ्या पदार्थांचे थर देतात.

उजळणारा पदार्थ कार्बनचा आणि त्याचा राखणदारही कार्बनच!

विचार करा : एका बारीक छिद्रामुळे संपूर्ण कवच निरुपयोगी का ठरते?