रहस्यकथा आपल्या गावाची, पण…



आपल्या गावावरची कादंबरी हातात आली की काय होतं, अनुभवलंय का तुम्ही? माझं गाव वाई, शाळाही इथलीच. मुखपृष्ठावर ढोल्या गणपतीचं देऊळ दिसलं आणि मी पुस्तक लगेच विकत घेतलं. नाव सांगत नाही, लेखकाशी माझं भांडण नाही.

सुरुवातीची पानं मजेत वाचली. कृष्णाकाठ, पसरणी घाटातलं धुकं, सगळं ओळखीचं. मग खुनी रात्रीच्या गाडीने 'वाई स्टेशन'वर उतरला! अहो, वाईला रेल्वेच नाही. गाडी पकडायची तर वाठारला जावं लागतं. आणि सगळं रहस्य त्या गाडीच्या वेळेवर उभं! एखादी गल्ली कल्पनेतली असली तर चालतं, तेवढी मोकळीक लेखकाला हवीच. पण ज्या धाग्यावरून वाचकाने गुन्हेगार शोधायचा, तोच खोटा असेल तर वाचकाने करायचं काय?

ते पान मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. वाटलं, मुलं खो-खो हसतील. दोघं-तिघंच हसले. एका मुलीने हात वर केला, "बाई, पुस्तकात छापलंय म्हणजे पूर्वी रेल्वे असेल ना?" ही मुलगी दर सुट्टीत एसटीने वाठारला जाऊन गाडी पकडते! मला जरा लागलंच. 'पुस्तकात बघ' असं आपणच तर रोज सांगतो.

मग दोन तासिका याच कामाला दिल्या. निवडक पानांच्या प्रती वाटल्या. गावाबद्दलच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करायची: बरोबर, चूक किंवा 'विचारावं लागेल'. तिसरी खूण सर्वांत जास्त झाली, याचा मला आनंदच झाला. कुणी आजीला विचारलं, कुणी एसटीच्या चौकशी खिडकीवर जाऊन आलं. तुमच्या गावावर कादंबरी नसेल तर वर्तमानपत्रातली गावाची बातमी घ्या, तीही चालते.

शेवटी प्रत्येकाने एक पानाची रहस्यकथा लिहिली. अट एकच, त्यात फक्त वाईकरालाच कळेल असा एक पुरावा हवा. बरेचसे चोर पसरणी घाटात पळाले, ते असो. त्या मुलीच्या कथेतला संशयित पोलिसांना सांगतो, "साहेब, मी संध्याकाळभर गणपती घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो होतो." त्या दिवशी धोम धरणातून पाणी सोडलेलं असतं आणि पायऱ्या बुडालेल्या असतात.