केर कुठे जातो?

१. आजीच्या घरी दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकायचा नाही, लक्ष्मी जाते. मी या समजुतीला हसायचे. एकदा संध्याकाळी आईच्या कानातली कुडी हरवली. सकाळच्या उजेडात ती दाराआडच्या केरातच सापडली. तेव्हापासून लक्ष्मीच्या भानगडीत मी पडत नाही.

२. माळ्यावर टाकलं म्हणजे आवरलं, असं नसतं. आमच्या माळ्यावर तीन मिक्सर निघाले, तिन्ही ‘दुरुस्तीला न्यायचे’.

३. सगळ्यात मोठा धडा सोसायटीच्या फाटकाशी मिळाला. ओला-सुका वेगळा करायचा हे माहीत होतं. २०१६ च्या नियमांनी ती जबाबदारी घरावरच टाकली होती. तरी मी सगळं एका पिशवीत कोंबून, वर घट्ट गाठ मारून द्यायचे. आपलं घर लख्ख! एका सकाळी दूध आणायला खाली गेले तर कचरा नेणाऱ्या ताई माझीच पिशवी सोडून बसल्या होत्या. चहाचा चोथा, भाताची शितं, दुधाच्या पिशव्या, आणि त्यात ह्यांचं दाढीचं पातं. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली. रागावल्या नाहीत. “ताई, पातं कागदात गुंडाळून वर लिहीत जा,” एवढंच म्हणाल्या. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं त्यांनी सांगितलेलं मी वाचलंही होतं. पण नियम वाचून जे झालं नाही, ते त्या चिंधीने केलं. आता डबे तीन आहेत. लाल स्केचपेन स्वयंपाकघरात असतो, आणि तो नातवाने पळवला की घरात आरडाओरडा होतो.

४. जिन्यात पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून देवांच्या फरश्या लावल्या. लोक दोन पायऱ्या खाली थुंकू लागले. शेवटी त्या अंधाऱ्या वळणावर बल्ब लावला, तेव्हा जरा फरक पडला. देवांना उगाच कामाला लावलं होतं.

५. दोन ऑक्टोबरला आम्ही नवे खराटे आणून आवार झाडलं, फोटो काढले, पोहे खाल्ले. गोळा केलेला ढीग चार दिवस फाटकाशीच पडून होता. तो कोण नेणार हे ठरवायचंच राहिलं होतं! गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातलाही केर काढत. सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू केलं. आमच्या खराट्यांवरची लेबलं मात्र अजून तशीच आहेत.

६. गुंजवण्याहून चोर दरवाजाने राजगडावर गेलो होतो. पद्मावती माचीवर बसून संत्री खाल्ली आणि सालं कातळावर टाकली. प्लॅस्टिक थोडंच आहे, कुजतील की! महिन्याने पुन्हा गेले तर सालं तिथेच, वाळून कडक झालेली. उन्हाळ्यातल्या कातळावर कुजायला ओल कुठून येणार? शेजारी आणखी कुणाची तरी ताजी सालं पडली होती. आमची बघूनच टाकली असणार.

सगळी उचलली. आता सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात एक जाड पिशवी असते. मागच्या खेपेला ती घरी आल्यावर रिकामी करायला विसरले. आठ दिवसांनी ह्यांनी कपाट उघडलं आणि विचारलं, “काही मेलंय का इथे?”